गाडी कोठें अडली?

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यांत जाम हें आमचें गांव. नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या महामार्गाला चंद्रपूरचा रस्ता येथेंच फुटतो. त्यामुळें गाड्यांची ये-जा अहोरात्र चालू असते. पण आज मी बोलणार आहें ती गाडी निराळी. प्रिंटरच्या पोटांत शाईच्या डब्या घेऊन कागदावरून इकडून तिकडे धांवते, ती ही गाडी. ती अडली कीं लोक म्हणतात, 'यंत्र जाम झालें.' आमच्या गांवाच्या नांवाचा असा उद्धार रोज कोठें ना कोठें होत असतो!

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मुलांना सरावाच्या प्रश्नपत्रिका छापून देण्याचा उद्योग मीं पत्करला. गेल्या पावसाळ्यांत माझ्या यंत्रांतील गाडी ओढणारा दंतुर पट्टा झिजला. माझा एक जुना विद्यार्थी हिंगणघाटास दुरुस्तीचें दुकान चालवितो. त्याच्याकडून नवा पट्टा आणून मीं स्वतःच बसविला, वर सळईला थोडें ग्रीसही लावलें. यंत्र सुरू करतांच गाडी सुसाट निघाली, डाव्या भिंतीवर धाडकन् आदळली, आणि लाल दिवा लुकलुकूं लागला. दोनदां, तीनदां तोच प्रकार. मी तसाच उठून दुकानीं गेलों आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्याला म्हणालों, "तूं मला खोटा माल दिलास." तो उलटून बोलला नाहीं. "संध्याकाळीं येऊन पाहतों, गुरुजी," एवढेंच म्हणाला.

आतां यंत्राचा स्वभाव पाहूं. जुन्या टंकयंत्रांत कागद असलेली गाडी कमानीच्या ओढीनें सरके आणि प्रत्येक अक्षरागणिक एक दांता तिला थांबवी. १९५५ सालीं गोदरेजनें आपल्या देशांत तीं यंत्रें तयार करण्यास आरंभ केला. त्यांतील बिघाड बहुधा डोळ्यांस दिसे. प्रिंटरच्या गाडीला मोटर ओढते. पण आपण कोठें आहोंत हें गाडीला कसें कळावें? त्यासाठीं तिच्या मागें एक पारदर्शक चिंचोळी पट्टी ताणलेली असते. तीवर केसासारख्या बारीक काळ्या रेघा असतात. पट्टीच्या एका बाजूस प्रकाश, दुसऱ्या बाजूस तो टिपणारा सेन्सर. गाडी धांवूं लागली कीं सेन्सर रेघा मोजतो आणि त्या हिशेबावर मोटर चालते. हिशेब चुकला तर डोळे बांधलेल्या माणसाप्रमाणें गाडी भिंतीवर जाऊन आदळते.

म्हणून सुटा भाग बदलल्यावर परीक्षा क्रमानें घ्यावी. प्रथम वीज तोडावी. मग गाडी बोटानें अलगद सरकवून पाहावी. कडेच्या विश्रांतिस्थानीं ती कुलूपबंद असल्यास जोर करूं नये. जड सरकत असेल तर कागदाचा तुकडा, वाळलेलें ग्रीस, नीट न बसलेली शाईची डबी किंवा मध्यें अडकलेली चपटी तार शोधावी. मोटर गुणगुणते पण गाडी हलत नाहीं, तर पट्टा दांतेरी चाकावरून उतरला आहे असें समजावें. धक्के खात चालली, तर पट्टा सैल आहे. तो ताणणारी कमान जागेवर आहे कीं नाहीं तें पाहावें. हातानें हलकी सरकते आणि तरीही आदळते, तर प्रथम त्या पारदर्शक पट्टीकडे बघावें. ती सेन्सरच्या फटींतूनच गेली आहे ना? दोन्ही टोकांस नीट अडकविली आहे ना? तीवर डाग तर नाहीं?

संध्याकाळीं तो आला. विजेरीचा प्रकाश टाकून त्यानें क्षणभर पाहिलें आणि विचारलें, "गुरुजी, ग्रीस लावलेला हात पुसला होता ना?" पट्टीच्या डाव्या टोकाशीं माझ्याच अंगठ्याचा ठसा उमटला होता! त्यानें मऊ फडकें पाण्यानें किंचित ओलें करून, पट्टी न ताणतां, हलकेंच पुसली. डाग निघेपर्यंत पुनःपुन्हां पुसली. उग्र द्रावणानें रेघाच पुसल्या जाण्याचें भय असतें, म्हणून आरंभ पाण्यानें करावा, असें तो म्हणाला. नंतर कोरडी करून यंत्र लावलें. गाडी उजवीकडे गेली, डावीकडे गेली, आणि शहाण्या मुलासारखी जागेवर येऊन थांबली.

चाळीस वर्षें मीं मुलांना सांगत आलों कीं, उत्तर चुकलें तर आधीं आपलीच वही तपासावी. स्वतःवर वेळ आली तेव्हां मात्र मीं दुसऱ्याची वही फाडली. चार लोकांदेखत बोललेला शब्द घरांत माफी मागून परत घेतां येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मी पुन्हां दुकानीं गेलों, गिऱ्हाइकें जमेपर्यंत बाकावर बसलों, आणि मोठ्यानें म्हणालों, "माल खरा होता, चूक माझी होती." तो लाजून खालीं पाहूं लागला. मग त्यानें चहा मागविला. पैसे मात्र मला देऊं दिले नाहींत.

श्रोतेहो, आपल्या घरची गाडी अडली तर क्रम विसरूं नका. आधीं वीज तोडा, मग मार्ग तपासा, मग पट्टा, मग ती पारदर्शक पट्टी. आणि दुकानदाराला दोष देण्यापूर्वीं एकदां आपला अंगठा पाहा.