पहाणीत न दिसणारी संपत्ती
(मन्नाएखेळ्ळी येथे केलेले भाषण)



मी बँकेतला कारकून. शेतीशास्त्र माझा विषय नव्हे. पण पीककर्जासाठी पहाणी रोज हातात येते. तीत सर्व्हे नंबर, मालक, पीक, बोजा सगळे असते. मातीतल्या जिवाणूंसाठी रकाना नसतो.

आपली तूर, मूग, उडीद, हरभरा यांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. हा फुकटचा युरिया आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यातले शिसे, कॅडमियम कुजत नाहीत, मातीत साठत जातात आणि या जिवाणूंना मारक ठरतात. पीक तरीही हिरवे दिसते, कारण आपण खताची पोती वाढवतो. म्हणजे मुद्दल मोडून खर्च चालवणे झाले.

इंग्लंडमध्ये वोबर्न येथे १९४२ ते १९६१ या काळात धातू असलेला मैल्याचा गाळ शेतात टाकला. तो बंद होऊन वीस वर्षे उलटल्यावरही तिथल्या क्लोव्हर या चारापिकाच्या गाठी नत्र देईनात.

इतके लांब कशाला? आपल्याच महामार्गावर हैदराबादच्या अलीकडे पटनचेरू आहे. तूर-हरभऱ्यावर संशोधन करणारी इक्रिसॅट ही संस्था १९७२ पासून तिथेच आहे. त्याच परिसरातल्या औद्योगिक वसाहतीच्या मातीत शास्त्रज्ञांना शिसे, क्रोमियम, आर्सेनिक जास्त सापडले. २००७ च्या अभ्यासात तिथल्या सांडपाणी केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. जिवाणू मारण्यासाठीच केलेले औषध ते! मातीतल्या जिवाणूंना ते कसे वगळणार?

हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीबद्दलच्या तक्रारी आपण ऐकतोच. कारखाने नकोत असे मी म्हणत नाही, आपली मुले तिथे कामाला आहेत. पण २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा तपासण्या असतात, त्यांत शिसे, कॅडमियम नाहीत. कारखान्यांजवळच्या आणि नाल्याकाठच्या शेतांत या धातूंची तपासणी व्हावी, असा ठराव ग्रामसभेत मांडा. अहवाल सर्वांसमोर, कन्नडमध्ये आणि मराठीतही वाचला जावा.

एक तपासणी घरीच होते. मूग-तूर फुलावर येण्याच्या सुमारास चार रोपे मुळांसकट अलगद खणा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर जिवाणू कामावर आहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर तो सर्व्हे नंबर लिहून ठेवा. कारणे इतरही असू शकतात, पण चौकशी तिथून सुरू करता येईल.