गावचा विद्यार्थी शहरातल्या कॉलेजात

बारावीचा निकाल लागला की गावोगाव एकच प्रश्न निघतो : ‘पोराला आता कुठं घालायचं?’ आर्ट्सचे नाव निघते ते शेवटी, आणि तेही ‘आर्ट्सला जाऊन करणार काय?’ या पुस्तीसह. मी मुंबईतल्या एका लहानशा आर्ट्स कॉलेजात शिकवतो. तिथे येणाऱ्या गावाकडच्या मुलांचे काय होते, ते आज तुम्हांला सांगावयाचे आहे.

आमचे कॉलेज म्हणजे एक जुनी तीन मजली इमारत. मैदान नाही. रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजामुळे ऐन उकाड्यातही खिडक्या लावून शिकवावे लागते. तुमच्या गावच्या शाळेचे अंगण याहून मोठे असेल. वर्गात मुले चाळीस-पन्नास. पहिला तास इतिहासाचा, दुसरा अर्थशास्त्राचा, तिसरा मराठीचा. नव्या मुलाला वाटते, ही कसली खिचडी?

पण जरा पाहा. इतिहासाच्या तासाला तो १८७५ सालचे दख्खनचे दंगे शिकतो. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले, कर्जखते जाळली गेली. अर्थशास्त्राच्या तासाला त्याला कळते, की अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले, तेव्हा चढलेले कापसाचे भाव कोसळले आणि इथले कर्ज मात्र डोक्यावर तसेच राहिले. मराठीच्या तासाला तोच शेतकरी जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये भेटतो. एकच माणूस तीन बाजूंनी दिसतो, आणि तो आपल्याच खापरपणजोबांसारखा असतो! आर्ट्सचे शिक्षण म्हणतात ते हेच. पदवी नोकरीची हमी देत नाही. तसे मी खोटे सांगणार नाही. पण आपल्या घरावर आलेली वेळ कुठून आली, हे ओळखायची नजर ती देते.

ही नजर सगळ्यांनाच मिळते असे मात्र नाही. काही वर्षांमागे माण तालुक्यातला एक मुलगा आमच्याकडे आला. मामाकडे राहायचा, संध्याकाळी दुकानात काम करायचा. वर्गात मागच्या बाकावर बसे. हजेरीला ‘यस सर’ म्हणे, तेवढाच त्याचा आवाज. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. पुढे त्याचा मामा भेटला. म्हणाला, ‘पोरगं म्हणायचं, तिथं मला कुणी काही विचारतच नाही.’

लहान कॉलेजाचा मोठा फायदा कोणता? मास्तर मुलाला नावाने ओळखू शकतो. तोच फायदा मी वाया घालवला होता. तेव्हापासून पहिल्या आठवड्यातच मी प्रत्येकाला विचारतो : गाव कोणते, शेतात काय पिकते, घरी कोण कोण? एके वर्षी दंग्यांचा धडा चालू असता एक मुलगी उठून म्हणाली, ‘सर, आमच्या पेटीत जुनं गहाणखत आहे.’ तिने ते आणले. मोडीत होते, वर्गात कुणालाच वाचता येईना, मलाही नाही! शेवटी चार मुले मोडी शिकायला लागली.

दुकानात काम करून शिकण्यात कमीपणा नाही, हेही सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, एवढे करा. रोज एका मुलाला उभे करून चार वाक्ये त्याच्या स्वतःच्या मनातली बोलू द्या. चुकला तर इतरांना हसू देऊ नका. आईवडिलांनो, फोनवर ‘पैसे पुरतात का?’ असे विचारता, तसेच ‘या आठवड्यात वर्गात काय विचारलंस?’ हेही विचारा. आणि मुलांनो, इंग्रजी येत नाही म्हणून मागच्या बाकावर दडू नका. ती भाषा वर्ष-दोन वर्षांत येते. तुमच्या गावची हकीकत मात्र शहरातल्या त्या वर्गात तुमच्यावाचून दुसरे कोण सांगणार?