आकडेमोडीचा माग

पत्रिकेत आजचा विषय 'घरच्या संगणकासाठी मोफत संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर कसं निवडावं' असा छापला आहे, त्यामुळे बरीच मंडळी यादी उतरवून घ्यायला वही उघडून बसलेली दिसतात. यादी मिळेल, पण शेवटी आणि बहुधा घाईत. सरासरी, प्रमाण विचलन, रिग्रेशन यांची तुमची ओळख आहे असं धरून पुढे जातो. मला सांगायचंय ते एवढंच : सॉफ्टवेअर फुकट मिळतं का, दिसायला देखणं आहे का, हे नंतर पाहा. आज काढलेलं उत्तर आपण कोणत्या पायऱ्यांनी काढलं याचा लेखी माग ते ठेवतं का, आणि पदरचा पैसा न मोजता दुसऱ्या कोणाला तो माग तपासता येतो का, हे आधी पाहा.

याची गरज कुठे पडते? १०, २०, ३०, ४० हे चार आकडे घ्या आणि पहिलं चतुर्थक काढा. 'आर' हे मोफत सॉफ्टवेअर १७.५ सांगतं. एसपीएसएस हे विकतचं सॉफ्टवेअर आपल्या नेहमीच्या पद्धतीने १२.५ सांगतं. दोन्ही बरोबर आहेत, कारण दोन आकड्यांच्या मधलं स्थान कसं ठरवायचं याच्या पद्धतीच वेगवेगळ्या आहेत. हाइंडमन आणि फॅन यांनी १९९६ साली अशा नऊ पद्धती एकत्र मांडल्या. आरमध्ये त्या नऊही आहेत. कमांडमध्ये सहावी पद्धत मागितली की तेही निमूटपणे १२.५ देतं. आता प्रबंधात नुसतं 'चतुर्थक १२.५' असं छापलं, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? कमांड जपून ठेवली असेल तर हा वाद एका ओळीत मिटतो. मेनूतून चार क्लिक करून उत्तर काढलं आणि खिडकी बंद केली, तर ते क्लिक करणाऱ्यालाही महिन्याभराने आठवत नाहीत.

हे चार आकड्यांचं झालं. आता देशांचं पाहू. राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली मांडलं, की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ मंदावते; अशा देशांची सरासरी वाढ त्यांच्या हिशेबाने उणे ०.१ टक्का होती. युरोप-अमेरिकेत काटकसरीच्या बाजूने बोलणाऱ्या पुढाऱ्यांनी हा निष्कर्ष उचलून धरला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी तेच आकडे पुन्हा काढायला बसला, तर त्याला ते येईनात. अखेर मूळ लेखकांनी आपली एक्सेलची फाइल त्याला दिली. त्या फाइलीत सरासरीचं सूत्र ३०व्या ओळीपासून ४९व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं, ते ४४व्या ओळीवरच थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबाबाहेर राहिले. (हसलात, पण आपापल्या घरच्या एक्सेलच्या फाइली आठवा.) हर्नडन आणि त्याचे सहलेखक अ‍ॅश व पोलिन यांनी २०१३ साली दुरुस्त आकडा दिला, तो होता अधिक २.२ टक्के. सगळा फरक त्या सूत्राचा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. कोणती वर्षं घ्यायची आणि कोणत्या देशाला किती वजन द्यायचं, या निवडींचा वाटा त्याहून मोठा होता. पण त्या निवडीसुद्धा फाइल हाती आल्यावरच तपासता आल्या. मधली तीन वर्षं जग निष्कर्षावर भांडत होतं, आकडेमोड कोणी पाहिलेली नव्हती. इथे मला चिठ्ठी आली आहे : 'दहा मिनिटं.' देशांनीच वेळ खाल्ला.

आता आक्षेप. फुकटच्या वस्तूची हमी कोण देणार? आर सुरू होताच पहिल्या पडद्यावर स्वतःच सांगतं, की हमी अजिबात नाही. विकतच्या सॉफ्टवेअरच्या परवान्याचा बारीक मजकूर एकदा वाचा, तिथेही हमीला भरपूर कात्री लावलेली आढळेल. मग विश्वास कशावर ठेवायचा? १९६७ साली लाँगली यांनी एकच डेटा वेगवेगळ्या रिग्रेशन प्रोग्रॅमना दिला, तर उत्तरं एकमेकांना ओळख दाखवेनात. तो डेटा आज आरबरोबरच येतो. अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेने तपासलेल्या उत्तरांसह असे डेटासंच खुले ठेवले आहेत; कुठल्याही सॉफ्टवेअरला त्यावर बसवून पाहता येतं. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : शिक्षकाला, परिचारिकेला, शेतीच्या विद्यार्थ्याला कमांड लिहायला कशाला लावता? लावू नका. जामोवी आणि जास्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मेनूच आहे, आतलं काम बरंचसं आर करतं, आणि फाइल जतन केली की डेटाबरोबर निवडलेले पर्यायही राहतात. जामोवीत एक बटण दाबलं की त्या क्लिकमागची आरची कमांडही दिसते. तिसरा आक्षेप मीच घेतो. कमांड लिहून ठेवली म्हणजे सगळं साधलं असं नाही. २०१९ साली आरच्या ३.६.० आवृत्तीत यादृच्छिक नमुना काढण्याची पद्धत बदलली आणि जुनी स्क्रिप्ट, जुनंच बीज (सुरुवातीचा आकडा) देऊनही वेगळा नमुना काढू लागली. म्हणून आवृत्तीचा क्रमांकही लिहून ठेवायचा. आणि मागच्या रांगेतून 'क्रॅक केलेली कॉपी' असं जे कोणी पुटपुटलं, त्यांना एवढंच : त्या कॉपीवर काढलेलं उत्तर कसं काढलं, हे चारचौघांत सांगता येईल का?

तर यादी, घाईत. एसपीएसएसच्या जुन्या फाइली आणि जुन्या कमांड ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांनी पीएसपीपी घ्यावं. सगळं जमत नाही, पण नेहमीचं जमतं. अर्थशास्त्रवाल्यांनी, त्यातही कालमालिका हाताळणाऱ्यांनी, ग्रेटल घ्यावं. त्यात मेनूवर केलेल्या कामाच्याही कमांड नोंदल्या जातात. पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांनी जामोवी. काम वर्षानुवर्षं चालणार असेल तर आर. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये आरचे धडे मोफत आहेत. हिशेब एक्सेलमध्येच करायचा हट्ट असेल तर मूळ डेटाची एक प्रत हात न लावता वेगळी ठेवा. पायथॉनवर बोलायचं राहिलं. अध्यक्षांनी घड्याळ वर धरलं आहे, तेव्हा ते प्रश्नोत्तरांत घेऊ.