स्वयंपाकघरांतील धूर आणि त्याची वाट

गोंदिया शहराजवळ येणाऱ्या प्रवाशाला भात-गिरण्यांचीं उंच धुराडीं दुरूनच दिसूं लागतात. उसना तांदूळ करावयाचा म्हणजे धान भिजवावें लागतें, वाफवावें लागतें आणि मग वाळवावें लागतें. त्या वाफेसाठीं भट्टींत धानाचें तूस जाळतात. एवढा धूर गिरणीच्या आवारांत कोंडून राहिला तर तेथें एकहि मजूर उभा राहूं शकणार नाहीं, हें गिरणीवाल्याला कोणी सांगावें लागत नाहीं. म्हणून तो धुराडें बांधतो, तें उंच नेतो आणि वेळच्या वेळीं साफ करून घेतो. आतां त्याच गांवांतील स्वयंपाकघरें पाहावीं. घराचा नकाशा काढतांना दिवाणखान्याची खिडकी कोणत्या दिशेस असावी यावर चार दिवस खल होतो. स्वयंपाकघराला मात्र उरलेला कोपरा मिळतो. त्या कोपऱ्यांत जी गृहिणी रोज दोन-तीन तास उभी असते, तिच्या वाट्याला किती धूर येतो याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. तो हिशेब मांडणें, आणि त्या धुराला घराबाहेरची वाट कशी करून द्यावी हें सांगणें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

१ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत पूर्वीं बहुतेक घरें मातीच्या भिंतींचीं व कवेलूंच्या छपराचीं असत. खेड्यांतून आजहि तशीं घरें आढळतात. कवेलूंच्या फटींतून धूर हळूहळू निघून जाई. चुलीवर टांगलेल्या मक्याच्या कणसांना धुरामुळें कीड लागत नसे, छपराचे बांबूहि अधिक टिकत. त्यामुळें धूर हा घराचा उपकारकर्ताच होय, अशी समजूत रूढ झाली. परंतु जो धूर किडीला जगूं देत नाहीं, तो मनुष्याच्या फुप्फुसाला मानवेल कसा? पुढें कवेलू जाऊन सिमेंटचे स्लॅब आले. पावसाचें गळणें थांबलें, फटी बुजल्या, आणि त्यांबरोबर धुराची जुनी वाटहि बुजली.

या प्रश्नाकडे विचारी माणसांचें लक्ष गेलें नव्हतें असें नाहीं. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचें कार्य विदर्भांतच, वर्ध्याच्या मगनवाडींत, चालत असे. तेथील ‘मगन चूल’ धूर नळीवाटे छपराबाहेर नेण्याच्या तत्त्वावर बांधलेली होती. हैदराबादेस डॉ. एस. पी. राजू यांनीं बिनधुराच्या चुलीवर प्रयोग करून १९५३ सालीं त्याविषयीं पुस्तिका प्रसिद्ध केली. १९८० नंतरच्या दशकांत केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला आणि देशभर लक्षावधि चुली बसविल्या. यांतील पुष्कळ चुली कांहीं वर्षांतच निकामी झाल्या. नळी काजळीनें भरे, ती कोणी साफ करीना. चुलीला भेगा पडत, त्या कोणी लिंपीना. साधन कितीहि चांगलें असलें तरी त्याची निगा कोणी राखावयाची हें ठरलें नसेल, तर तें साधन फार दिवस उपयोगीं पडत नाहीं, हा धडा त्यांतून मिळाला. आजच्या विजेच्या चिमणीलाहि तो तितकाच लागू आहे.

१ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर गॅसची शेगडी खेड्यापाड्यांतहि पोंचली. लाकडाच्या धुराच्या मानानें गॅसची ज्योत फारच स्वच्छ. त्याविषयीं वाद नाहीं. तथापि गॅस आला म्हणजे धूर संपला, ही समजूत खरी नव्हे. तेल फार तापलें कीं त्यांतून अक्रोलीन नांवाचा झोंबरा वायु निघतो. डोळे चुरचुरतात ते त्यामुळें. लाल मिरचीची फोडणी दिली कीं सारें घर खोकूं लागतें. पुऱ्या, अनारसे, वडे तळतांना तेलाचे अतिसूक्ष्म कण हवेंत उडतात, तेच पुढें भिंतीवर चिकट थर होऊन बसतात. आणि जें भिंतीवर बसतें तें श्वासावाटे शरीरांतहि जातें. खुद्द गॅसच्या ज्योतींतूनहि नायट्रोजन डायॉक्साइड थोड्या प्रमाणांत निघतो. लांकूड, गोवऱ्या, रॉकेल यांसारख्या इंधनांच्या घरगुती धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गॅसच्या स्वयंपाकघराला हा आंकडा जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. पण कोंडलेल्या धुराला क्षुल्लक मानूं नये, एवढें त्यावरून निश्चित कळतें.

आतां चिमणीची रचना पाहूं. शेगडीच्या वर एक टोप असतो. त्याच्या आंत विजेचा पंखा आणि पंख्याच्या खालीं फिल्टर, म्हणजे गाळणी. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व वर जातांना पसरत जाते. ती पसरण्यापूर्वींच टोपानें तिला झेलावें, गाळणीनें तेल धरून ठेवावें आणि पंख्यानें उरलेली हवा नळीवाटे बाहेर लोटावी, एवढेंच तिचें काम. दुसरा एक प्रकार बिननळीचा असतो. त्यांत हवा कोळशाच्या गाळणींतून जाऊन पुन्हा खोलींतच परत येते. वास कांहींसा कमी होतो; उष्णता, वाफ व ज्वलनाचे वायु मात्र घरांतच राहतात. जेथें बाहेरची भिंत उपलब्ध आहे तेथें नळीचीच चिमणी घ्यावी.

बसवितांना चार गोष्टी पाहाव्या. पहिली रुंदी. टोप शेगडीहून अरुंद नसावा. दोन बर्नरच्या शेगडीला सामान्यतः ६० सेंटिमीटर आणि चार बर्नरच्या मोठ्या शेगडीला ९० सेंटिमीटर रुंदीचा टोप लागतो. दुसरी उंची. शेगडीपासून ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर बहुधा योग्य असतें. तरी यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंतील माप प्रमाण मानावें. यापेक्षां खालीं आणल्यास ज्वाळेचा धोका, वर नेल्यास धूर बाजूनें निसटतो. तिसरी नळी. ती सहा इंच व्यासाची हवी असतां पुष्कळदां भिंतींतील जुन्या चार इंची भोकांत कशीबशी बसविली जाते. सहा इंची नळीचें तोंड चार इंची नळीच्या सव्वादोन पट असतें. म्हणजे वाट निम्म्याहून कमी झाली. नळी जितकी आंखूड व सरळ तितकी बरी. प्रत्येक वळण पंख्याची शक्ति खातें. तिचा उतार बाहेरच्या बाजूस ठेवावा, म्हणजे या जिल्ह्याच्या मुसळधार पावसाचें पाणी आंत येणार नाहीं. बाहेरच्या तोंडाला झडप असावी. नाहीं तर चिमणीत खऱ्याच चिमण्या घरटें करतात. नळीचें तोंड माळ्यावर, जिन्यांत किंवा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर काढूं नये. चौथी वीज. तीन पिनांचा व चांगल्या अर्थिंगचा प्लग शेगडीपासून दूर असावा.

विकत घेतांना दुकानदार पंख्याच्या ओढीचा मोठा आंकडा सांगतो. तो आंकडा बहुधा नळी न जोडतां मोजलेला असतो. प्रत्यक्षांत ओढ कमीच मिळते. शिवाय हिशेब असा: तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद व तीन मीटर उंच खोलींत साडेबावीस घनमीटर हवा मावते. यंत्र ताशीं ९०० घनमीटर हवा खरोखर ओढूं लागलें, तर त्या खोलींतील हवा तासांत चाळीस वेळां बदलली पाहिजे. एवढी हवा येणार कोठून? उन्हाळ्यांत झळा लागतात म्हणून दारें-खिडक्या घट्ट लावून घेतल्या, तर पंखा नुसता घरघरत राहतो. जितकी हवा बाहेर जावयाची तितकी आंत यावयासहि वाट हवी. ती वाट शेगडीपासून दूरच्या दारानें किंवा खिडकीनें द्यावी; शेगडीजवळची खिडकी उघडल्यास वारा धुराला टोपाखालून पळवून नेतो. छताचा पंखा हेंच करतो. कूलरचा झोत सरळ शेगडीवर येऊं देऊं नये; तोच कूलर शेजारच्या खोलींत ठेवून मधलें दार उघडें ठेवलें, तर चिमणीला लागणारी हवा आपोआप मिळते.

वापराची रीत साधी आहे. शेगडी पेटविण्यापूर्वीं दोन-तीन मिनिटें चिमणी सुरू करावी आणि स्वयंपाक आटोपल्यावर आणखी पांच-दहा मिनिटें चालूं द्यावी. वरण-भातासाठीं मंद गति पुरते. फोडणी व तळणाच्या वेळीं ती वाढवावी. पुष्कळ घरांत वीज वांचविण्यासाठीं चिमणी बंदच ठेवतात. दोनशे वॅटचें यंत्र रोज दोन तास चाललें तर महिन्याला बारा युनिटें लागतात. ही बचत फुप्फुसाच्या मोलानें करण्याजोगी नव्हे. टोपाखालीं कढईनें पेट घेतल्यास आधीं शेगडी व पंखा बंद करावा आणि कढईवर झाकण घालावें. जळत्या तेलावर पाणी कधींहि ओतूं नये.

एक सूचना विशेष लक्षांत ठेवावी. गॅसचा वास आला असतां चिमणी सुरू करूं नये. वाट मोकळी करण्याच्या सद्‌हेतूनें बटन दाबलें जातें, पण बटनांतील ठिणगी स्फोटाला पुरते. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यानें तो जमिनीलगत साचतो. वरच्या टोपाचा तेथें उपयोगहि नाहीं. अशा वेळीं सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, विजेच्या कोणत्याहि बटनाला हात लावूं नये, दारें-खिडक्या उघडाव्या, सर्वांनीं बाहेर पडावें आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावें.

राहिली निगा. पोलादी पट्ट्यांची बॅफल गाळणी दोन-तीन आठवड्यांनीं, बारीक जाळीची गाळणी त्याहून लवकर, गरम पाणी व धुण्याचा सोडा यांत भिजवून धुवावी; अॅल्युमिनियमच्या जाळीला सोडा सोसत नाहीं, तिला भांड्यांचा साबणच बरा. गाळणी पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवूं नये. कोळशाची गाळणी धुतां येत नाहीं. ती कांहीं महिन्यांनीं बदलावीच लागते. तेलाची वाटी भरण्यापूर्वीं रिकामी करावी. जीं यंत्रें ‘आपोआप साफ होणारीं’ म्हणून विकलीं जातात, त्यांतहि तेल वितळून वाटींतच उतरतें. ती वाटी आपोआप रिकामी होत नाहीं. वर्षांतून एकदां जाणत्या कारागिराकडून पंखा व नळी आंतून साफ करवून घ्यावी, कारण नळींत साचलेलें तेल म्हणजे न पेटलेली मशालच होय. गाळणीला हात लावण्यापूर्वीं प्लग काढावा.

ज्यांना हें यंत्र घेणें शक्य नाहीं त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. शेगडीच्या वरच्या बाजूस, छताजवळ, एक लहान बाहेर फेंकणारा पंखा आणि समोरच्या भिंतींत एक उघडी खिडकी, इतक्यानेंहि पुष्कळ काम भागतें. जेथें लांकडाचीच चूल आहे तेथें ती पडवींत किंवा अंगणांत घ्यावी, आणि तान्हें मूल कडेवर घेऊन चुलीपुढें बसण्याची चाल सोडावी; मोठ्यांपेक्षां लहानांचा श्वास जलद चालतो व त्यांना त्रासहि अधिक होतो.

शेवटीं प्रश्न उरतो तो कामाच्या वांटणीचा. पुष्कळ घरांत चिमणी विकत घेतो कर्ता पुरुष आणि ती घासण्याचें काम मात्र गृहिणीच्या कामांत आणखी एक भर म्हणून पडतें; मग ती काळवंडते, बंद पडते आणि मगन चुलीच्या नळीची गत होते. ज्यांना गरम गरम पोळी पानांत मिळते त्यांनीं महिन्यांतून दोनदां गाळणी उतरवून धुण्याचें काम आपल्याकडे घ्यावें. गिरणीचें धुराडें कोणी साफ करावयाचें हें ठरलेलें असतें, म्हणून तें चालतें. घरच्या धुराड्याचेंहि तसेंच ठरवावें, आणि तें आज रात्रीं जेवण होण्यापूर्वींच ठरवावें.