पहारेकऱ्यानें दार अडविलें, पुढें काय?

आमच्या शेजारीं एक निवृत्त शिक्षक राहतात. एके रात्रीं ते संगणकावर कांहीं शोधीत असतां कोपऱ्यांत सूचना झळकली : ‘धोकादायक संकेतस्थळ अडविलें.’ गुरुजी घाबरले. त्यांनीं इंटरनेटवरच मदतकेंद्राचा क्रमांक शोधला, पहिला दिसला तो फिरविला, आणि पलीकडच्या गोडबोल्या गृहस्थाला आपला संगणक दुरून चालविण्याची मोकळीक दिली. सकाळपर्यंत खात्यांतील बरीचशी पुंजी गेली होती. ज्या धोक्याला ते भ्याले तो दारांतूनच परत गेला होता. नुकसान केलें तें भीतीनें.

‘अडविलें’ याचा अर्थ काय? अँटिव्हायरस प्रत्येक संकेतस्थळाचा पत्ता आपल्या यादीशीं ताडून पाहतो आणि तो घातक ठरल्यास जोडणी तोडतो. म्हणजे बहुधा आंत कांहींच आलेलें नसतें. तेव्हां प्रथम स्वस्थ बसावें.

मग सूचना खरी कीं खोटी तें पहावें. खऱ्या सूचनेची नोंद अँटिव्हायरसच्या स्वतःच्या इतिहासांत सांपडते. ब्राउझरचें पान व्यापून ओरडणारी आणि ‘या क्रमांकावर फोन करा’ म्हणणारी सूचना ही ठकाची समजावी. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत दूरध्वनिक्रमांक कधींच नसतो. असें पान बंद होईना, तर विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा.

सूचना खरी असेल, तर तींत कोणता पत्ता व कोणता प्रोग्राम लिहिला आहे तें वाचावें. एखादें पान उघडतांना एकदांच ती आली असेल, तर तें पान मिटावें व पुन्हां तिकडे जाऊं नये. ‘मला पहायचेंच आहे’ म्हणून तो पत्ता अपवादांच्या यादींत घालणें, म्हणजे पहारेकऱ्यालाच दार उघडावयास सांगणें होय.

परंतु ब्राउझर बंद असतांहि सूचना वारंवार येत असेल, तर घरांतलेंच कोणी बाहेर हांका मारीत आहे असा संशय घ्यावा. अनोळखी एक्स्टेन्शन्स काढावीं, संकेतस्थळांना दिलेली नोटिफिकेशनची परवानगी रद्द करावी, अँटिव्हायरस अद्ययावत् करून संपूर्ण तपासणी करावी. विंडोजमधील डिफेंडरची ऑफलाइन तपासणी यंत्र पुन्हां सुरू करून साधारण १५ मिनिटांत होते.

विंडोजच्या दुरुस्त्याहि टाळूं नयेत. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’नें ज्या छिद्रांतून हाहाकार माजविला, तें बुजविणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येंच उपलब्ध झाली होती, ज्यांनीं ती घेतली नव्हती त्यांच्या यंत्रांत तो सहज शिरला.

आणि संशयित पानावर आपण पासवर्ड टाईप केला असेल, तर दुसऱ्या सुरक्षित यंत्रावरून तो लगेच बदलावा. पैसे गेले असतील, तर बँकेला कळवावें आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथें घटकाभराचा विलंबहि महाग पडतो, आणि लाजेपायीं होणारा विलंब तर सर्वांत महाग. गुरुजींनीं दोन दिवस घरांत कोणाला सांगितलेंच नाहीं.

श्रोतेहो, घरांतील वडील माणसांना आज रात्रीं एवढेंच सांगा : सूचना आली, तर फोन फिरवूं नका, आम्हांला हांक मारा.