शुक्रवारी विचारणारं माणूस

(मदिनत सुलतान काबूस इथे शुक्रवारी दुपारी जमलेल्या कामगारांसमोर झालेलं बोलणं. बोललं तसंच, थोडं नीट करून देत आहोत.)

मागे उभे आहात ते दादा, ताई, पुढे या. सतरंजीवर जागा आहे.

आज पगाराचं नाही बोलायचं, व्हिसाचंही नाही. तुमच्या मनात जे एक काम घर करून बसलंय ना, त्याच्याबद्दल बोलू. कुणाला राहिलेली दहावी द्यायचीय, कुणाला इथलं लायसन काढायचंय, कुणाला गावी पिठाची गिरणी टाकायचीय. काय करायचंय विचारलं की सगळे भडाभडा सांगतात. गेल्या महिन्यात त्यातलं काय झालं विचारलं, की चपलेकडे बघतात.

यात तुम्ही आळशी आहात असं मला वाटत नाही. ही वस्ती बघा. भिंती, फाटकं, आत बंगला. आतला स्वयंपाकी, माळी, ड्रायव्हर, मुलं सांभाळणारी ताई, प्रत्येक जण आपापल्या कंपाउंडात एकटा. दिवसभर अरबाब आणि मॅडम यांच्याशिवाय कुणाशी बोलणं नाही. मनातलं काम बोललंच नाही तर ते वाढणार कसं?

मुंबईत आपली माणसं गिरण्यांत आली तेव्हा कोकणातल्या, घाटावरच्या एकेका गावाची एकेक खोली असायची. पाळीप्रमाणे झोपायचे. गिरणीत कुठे भरती आहे ते तिथेच कळायचं, पत्रही तिथेच वाचून मिळायचं. या कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायका मात्र सावकाराच्या हातात सापडलेल्या. एकटीला बँक उभी करत नव्हती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायका गट करून, एकमेकींच्या भरवशावर गेल्या, तेव्हा बँकेनं कर्ज दिलं. बाई तीच, चूलही तीच. फरक एवढाच, की बाजूला दुसरी उभी होती.

मग आपल्या बाजूला कोण उभं राहील ते ओळखायचं कसं? मी सांगतो तसं करून बघा. सगळ्यांना सांगत सुटू नका. एकाला छोटं काम द्या. म्हणा, ‘‘येत्या शुक्रवारी मला विचार, पहिला धडा वाचला का?’’ त्यानं विचारलं तर माणूस कामाचा. विसरला तर रागावू नका, चहा पाजा, पण मोठं काम त्याच्यावर टाकू नका. आणि तो मराठीच हवा असंही नाही. ड्रमांच्या मधून गाडी मागे कशी घ्यायची, हे नुकताच पास झालेला मल्याळी भाऊ दहा मिनिटांत समजावेल, आणि तुमची तासांची फी वाचेल.

‘‘लायसन मी करून देतो, पैसे आणि कागद दे’’ म्हणणारा मात्र मदतनीस नव्हे. पासपोर्ट, बँकेचं कार्ड, ओटीपी कुणालाही नाही, अगदी गाववाल्यालाही नाही. २०२३ चा इथला कामगार कायदा म्हणतो की तुमच्या लेखी संमतीशिवाय मालकानंही पासपोर्ट ठेवू नये. घरकाम करणारे या कायद्याबाहेर आहेत, म्हणून तर त्यांना ओळखीची माणसं जास्त लागतात. आपला दूतावास अल खुवैरला आहे, इथून लांब नाही. तिथं एकटं जाऊ नका, कुणाला तरी बरोबर घ्या.

आता घरचं. दहावीचाच विषय घ्या. १७ नंबरचा फॉर्म मस्कतमध्ये बसून आपोआप भरला जात नाही. गावच्या शाळेत चौकशी करायला, तारीख लक्षात ठेवायला कुणीतरी हवं. परीक्षा फेब्रुवारी-मार्चला, म्हणजे रजाही तेव्हाच मागायला हवी. बायकोला, भावाला, बहिणीला फोनवर सरळ सांगा, ‘‘दर महिन्याला पाच रियाल माझ्या शिक्षणाचे, ते घरी येणार नाहीत.’’ पहिल्यांदा आवाज बदलेल. बदलू दे. न सांगता पैसे कमी पाठवले की संशय येतो. सांगून पाठवले की तीच माणसं पुढे विचारतात, अभ्यास कुठवर आला.

ताईंनो, तुमचं जास्त अवघड आहे, ठाऊक आहे. तुमचा पगार सगळ्या घराचा, पण तुमचं शिलाई मशीन कुणाच्याच यादीत नसतं. घरातलं एकच माणूस निवडा, बहुतेक वेळा ती मोठी मुलगी किंवा बहीण असते, आणि मशीनचे पैसे तिच्या नावावर वेगळे ठेवा. शुक्रवारी बाहेर पडू देत नसतील तर रात्री मैत्रिणीला एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज करा. तेवढंही चालतं.

चहा येतोय. तो येईपर्यंत शेजारी बसलेल्याकडे वळा. आधी गाव विचारा, तालुका विचारा. मग येत्या शुक्रवारपर्यंतचं आपलं एक काम त्याला सांगा आणि त्याचं ऐका. नंबर द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पुढच्या शुक्रवारी मी इथेच आहे, आणि मीही विचारणार आहे.