दार कोणतं, ते आधी बघू
(धुळे येथे बचत गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मागच्या महिन्यात पारोळ्याकडच्या एक बाई माझ्याकडे आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवीची पावती होती. कापूस वेचून, शेळ्या विकून जमवलेले साठ हजार. मुदत संपून आठ महिने झाले, पण पतसंस्था 'पुढच्या महिन्यात या' एवढंच सांगते. त्यांनी बँकिंग लोकपालाकडे अर्ज केला, तोही नामंजूर झाला. "ताई, लोकपालबी गरिबाचा नाही का?" त्यांनी मला विचारलं.

त्या चुकीच्या दारावर गेल्या होत्या. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल १९९५ पासून आहे. तो फुकट आहे, वकील लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर त्याच्याकडे जायचं. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिची तक्रार तो ऐकत नाही, आणि बँकेतल्या ठेवीला असलेलं पाच लाखांचं विमासंरक्षणही तिथल्या ठेवीला नाही.

जळगावकरांना हे नव्याने सांगायला नको. २०१५ साली भाईचंद हिराचंद रायसोनी या मल्टिस्टेट पतसंस्थेच्या संचालकांना अटक झाली, संस्था अवसायनात गेली. पुढे २०२० मध्ये अवसायनाच्या काळातल्या व्यवहारांवरही गुन्हा नोंदला गेला. ठेवीदारांनी कोणाकडे बघायचं?

२०२३ मध्ये बहुराज्य सहकारी संस्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन 'सहकारी लोकपाल' आला. सभासदाच्या ठेवीची तक्रार त्याने तीन महिन्यांत चौकशी करून निकाली काढायची, आणि त्याचा आदेश संस्थेने महिनाभरात पाळायचा, असं कायदा सांगतो. तिजोरीच रिकामी असेल तर मात्र लोकपाल पैसे कुठून आणणार? म्हणून मुदत संपली आणि पैसे मिळाले नाहीत, की वाट बघत बसू नका.

पतसंस्था फक्त महाराष्ट्राच्या कायद्याखाली नोंदलेली असेल तर हाही लोकपाल नाही. मग तालुक्याचे सहायक निबंधक, जिल्हा उपनिबंधक. गावोगावच्या बायांचा पैसा याच संस्थांत आहे. त्यांच्यासाठीही लोकपाल हवा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

त्या बाईंची संस्था मल्टिस्टेट निघाली. मला हायसं वाटलं. मग पावती उलगडली. नाव नवऱ्याचं! घाम बाईचा, सभासद नवरा. तक्रारीचा हक्क सभासदाचा. आणि नवरा म्हणतो, "अर्ज करून काय होतं?" अजून त्याने सही केलेली नाही. येत्या रविवारी आम्ही दोघी-तिघी त्याच्या घरी जाणार आहोत.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढं करा. पावती ट्रंकेतून काढा. त्यावर नाव कोणाचं ते वाचा. नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे ते बघा. अर्ज लेखीच द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. पुढची ठेव मात्र आपल्याच नावावर ठेवा, म्हणजे दार ठोठवायला कोणाची सही मागावी लागणार नाही.